घरच्या फिशटँकमधील मासे अचानक आजारी पडणे किंवा मरणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्यातील शोभेचे मासे पाळणाऱ्यांकडून पुन:पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. टाकीत या क्षणी मासे तडफडत असतील, तर बाकीचे सोडून आधी प्रश्न २ वाचावा. शांतपणे कारण शोधायचे असेल, तर प्रश्न ३ पासून सुरुवात करावी.

१. काल रात्रीपर्यंत मासा व्यवस्थित खात होता आणि सकाळी मेलेला आढळला. इतक्या लवकर कोणता रोग होतो?

एका रात्रीत मारणारे रोग फार थोडे आहेत. घरच्या टाकीत अचानक आलेल्या मृत्यूमागे बहुतेक वेळा पाण्यातील बिघाड असतो. अमोनिया, क्लोरीन, प्राणवायूची कमतरता, तापमानातील मोठा फरक किंवा बाहेरून आलेले विष यांपैकी एखादे कारण त्यामागे सापडते. दुसरी शक्यता अशी की, आजार बरेच दिवस चालू होता, पण मासा तो दाखवत नव्हता. अशक्त दिसणाऱ्या माशावर इतर मासे तुटून पडतात, त्यामुळे मासे शेवटपर्यंत खात आणि पोहत राहतात. म्हणून ‘काल ठीक होता’ एवढ्यावर विसंबू नये. गेल्या दोन आठवड्यांत तो कळपापासून बाजूला राहत होता का, पर अंगाशी मिटून घेत होता का, दगडाला अंग घासत होता का, हे आठवून लिहून काढावे.

२. मासे आत्ता पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत आहेत. सर्वांत आधी काय करावे?

सर्वांत आधी स्वच्छ बाटलीत टाकीतील अर्धा लिटर पाणी भरून ठेवावे. हे पाणी एकदा बदलले गेले की कारणाचा पुरावाही त्यासोबत जातो, आणि नंतर चाचणी करून काही उपयोग होत नाही.

त्यानंतर एअर पंप पूर्ण क्षमतेने चालवावा, फिल्टरचे तोंड पृष्ठभागाकडे वळवून पाण्यावर खळबळ होऊ द्यावी, टाकीवरील काच किंवा झाकण काढावे आणि खाणे बंद करावे. मग क्लोरीन काढलेले व त्याच तापमानाचे पाणी घेऊन टाकीतील तिसरा हिस्सा ते अर्धे पाणी बदलावे. मात्र टाकी जुनी असेल आणि कित्येक महिने पाणी बदललेले नसेल, तर हा सल्ला तसाच अमलात आणू नये. त्याचे कारण प्रश्न १२ मध्ये दिले आहे. कारण समजण्याआधी कोणतेही औषध टाकू नये. बरीच औषधे पाण्यातील प्राणवायू आणखी कमी करतात आणि धापा टाकणाऱ्या माशाला तेवढेच पुरते.

३. दोष पाण्याचा की रोगाचा, हे औषधाच्या दुकानात जाण्याआधी कसे ओळखावे?

मासे कोणत्या क्रमाने मेले, किती वेळात मेले आणि कोण वाचले, या तीन गोष्टींवरून निम्म्याहून अधिक निदान होते. आम्ही प्रत्येकाला हेच आधी विचारतो, आणि छायाचित्रापेक्षा या उत्तराचा उपयोग अधिक होतो असे आमचे मत आहे.

निरनिराळ्या जातींचे मासे काही तासांत एकदम मेले, तर रोगाचा विचार बाजूला ठेवून क्लोरीन, विष, प्राणवायू आणि तापमान यांकडे पाहावे. पहाटे मोठे मासे आधी मेले, लहान तगले, आणि फायटर किंवा गुरामी मात्र काहीच न झाल्यासारखे फिरत आहेत, असे चित्र असेल तर ती प्राणवायूची कमतरता आहे. फायटर आणि गुरामी यांना पृष्ठभागावरची हवा थेट घेता येते, त्यामुळे ते अशा प्रसंगी वाचतात. कोळंबी आधी मेली आणि मासे नंतर, असे असल्यास तांबे किंवा कीटकनाशक यांचा संशय घ्यावा. नव्या टाकीत रोज एखाद-दुसरा मासा जात असेल तर अमोनिया व नायट्राइट तपासावे (प्रश्न ५). नवीन मासा आणल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी एकेक मासा आजारी पडू लागला आणि अंगावर ठिपके, डाग किंवा कापूस दिसू लागला, तर तेथे संसर्गाची शक्यता खरी.

एकच मासा मेला आणि बाकीचे आठवडाभर ठणठणीत राहिले, तर पाण्याची चाचणी करून थांबावे. गप्पी साधारण दोन वर्षे आणि फायटर दोन-तीन वर्षे जगतो. दुकानातून आणलेला फायटर बहुधा पूर्ण वाढलेला असतो, म्हणजे त्याच्या आयुष्यातील बराच काळ आधीच सरलेला असतो. वयाने मेलेल्या माशासाठी उरलेल्यांना औषध पाजण्याचे कारण नाही.

४. पाण्याच्या कोणत्या चाचण्या कराव्यात आणि कोणते आकडे धोक्याचे समजावेत?

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते दाखवणारा आकडा) आणि तापमान या पाच गोष्टी पुरेशा आहेत. जुन्या टाकीत त्यांच्या जोडीला कार्बोनेट क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची क्षमता, मोजावी. बसलेल्या, म्हणजे फिल्टरात जीवाणू पुरेसे वाढलेल्या टाकीत (प्रश्न ५) अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असले पाहिजेत. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली ठेवावे.

अमोनियाचा आकडा एकटा वाचू नये, पीएचसोबत वाचावा. चाचणीच्या किटमध्ये दिसणारा आकडा एकूण अमोनियाचा असतो, मात्र त्यातील मुक्त अमोनियाच कल्ले जाळतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा सुमारे अर्धा टक्काच मुक्त असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो आणि ९ ला तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतो. त्यामुळे सारखाच आकडा एका घरात निभावून जातो आणि दुसऱ्या घरात टाकी रिकामी करतो. टीडीएस मीटरवरून यातले काहीही कळत नाही. त्यावर फक्त विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण दिसते.

५. नवी टाकी घेऊन दोन-तीन आठवडे झाले. पाणी आरशासारखे स्वच्छ आहे, तरी मासे मरत आहेत. का?

अमोनिया आणि नायट्राइट यांना रंग नसतो, त्यामुळे स्वच्छ दिसणारे पाणीही विषारी असू शकते. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात व खड्यांत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी, फिल्टर आणि दहा-बारा मासे एकाच दिवशी घरी आणले, की त्या माशांना हा सगळा काळ विषात काढावा लागतो.

नायट्राइटची बाधा झालेल्या माशाचे रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, म्हणून एअर पंप चालू असूनही तो धापा टाकतो. अशा माशाचे कल्ले लालऐवजी चॉकलेटसारखे तपकिरी दिसतात. लिटरमागे एक ग्रॅम साधे मीठ विरघळवून टाकल्यास त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे, पण मीठ अमोनियावर काम करत नाही. अमोनियासाठी रोज थोडे पाणी बदलणे आणि खाणे अगदी कमी करणे, एवढेच हाती असते. जुन्या, निरोगी टाकीतील मळका स्पंज मिळाला तर तो नव्या फिल्टरात ठेवावा. त्याने हा काळ पुष्कळ कमी होतो.

६. पाणी बदलले आणि त्याच दिवशी मासे मेले. नेहमी याच नळाचे पाणी वापरतो. मग आजच काय झाले?

नळ तोच असला तरी पाणी रोज तेच नसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले असावे लागते, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आले किंवा जलवाहिनीची दुरुस्ती झाली की क्लोरीनची मात्रा वाढवली जाते. सोसायटीची टाकी धुतल्यानंतर किंवा टँकरमध्ये ब्लिचिंग पावडर टाकल्यानंतर पहिल्या पाण्यात क्लोरीन किती असेल, याचा अंदाज वासावरूनही येत नाही. म्हणून पाणी बदलण्याआधी वॉचमनला एक प्रश्न विचारावा : टाकी कधी धुतली?

मुक्त क्लोरीन उघड्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीच्या टोकाचा, हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून २४ तास ठेवल्यास उडून जाते, किंवा सोडियम थायोसल्फेट असलेल्या अँटीक्लोरीनने लगेच नाहीसे होते. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते नुसते ठेवून जात नाही, आणि थायोसल्फेटने फोडले की त्यातून अमोनिया सुटतो. अशा ठिकाणी अमोनियाही बांधून ठेवणारे औषध लागते.

क्लोरीन नसतानाही पाणी बदलणे अंगलट येऊ शकते. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी चांगलेच तापलेले असते. बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड अधिक असू शकतो, म्हणून तेही एक दिवस हवा देऊन मगच वापरावे. मुंबईचे धरणांचे पाणी तुलनेने मृदू, तर दख्खनच्या खडकातील बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. धरणाचे पाणी बंद होऊन टँकर सुरू झाल्यावर एकदम अर्धे पाणी बदलले, तर माशांना क्षारांच्या फरकाचा धक्का बसतो.

७. रात्री तीन-चार तास वीज गेली आणि सकाळी मोठे गोल्डफिश मेलेले होते. इतक्या थोड्या वेळात असे होते का?

होते, विशेषत: टाकीत गर्दी असेल आणि हवा गरम असेल तर. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून सर्वांत कमी पातळी पहाटे येते. भरपूर झाडे असलेली टाकी सुरक्षित, हा समज दिवसापुरता खरा आहे.

याची एक आडबाजू लक्षात ठेवावी. डबा-फिल्टर, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्यातील फिल्टर, बरेच तास बंद राहिला की आतील जीवाणू प्राणवायूअभावी मरतात आणि पाणी कुजते. वीज आल्यावर तेच पाणी टाकीत येते. म्हणून मोठ्या खंडानंतर डबा उघडून, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून मग फिल्टर सुरू करावा. पावसाळ्यात बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा, असा आमचा आग्रह आहे.

८. घरात पेस्ट कंट्रोल, रंगकाम किंवा गल्लीत डासांची धुराची फवारणी झाली तर टाकीचे काय करावे?

डास आणि झुरळे मारणारी पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माणसाला त्या मानाने कमी घातक असतात, पण माशांना ती अत्यल्प प्रमाणातही मारतात. एअर पंप खोलीतली हवा खेचून थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे टाकी झाकून पंप मात्र जमिनीवर चालू ठेवणे पुरेसे नाही. फवारणीच्या वेळी टाकी ओल्या चादरीने झाकावी, पंप बंद करावा किंवा त्याची नळी लांब करून पंप दुसऱ्या, बंद खोलीत ठेवावा, आणि खोली पूर्ण मोकळी झाल्यावर झाकण काढावे. विषबाधा झालेले मासे झटके देतात, गिरक्या घेतात, काचेवर आदळतात. असे दिसल्यास पाणी बदलावे आणि फिल्टरात ताजा सक्रिय कोळसा घालावा. हातावर डास प्रतिबंधक मलम किंवा साबण असताना टाकीत हात घालणे हेही याच गटातले कारण आहे.

९. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत. औषध टाकले, ठिपके गेले, पण आठवड्याने पुन्हा आले. असे का?

हा ‘इक’ नावाचा परजीवी आहे. ठिपक्याच्या आत, माशाच्या त्वचेखाली असताना त्याच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. वाढ झाली की तो गळून तळाशी जातो, तेथे त्याचे शेकडो भाग होतात आणि ती पोहणारी पिल्ले नवा मासा शोधू लागतात. औषध किंवा मीठ फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारते. २५ अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याचे असते, म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार दहा-पंधरा दिवस चालू ठेवावा लागतो. कधी परजीवी केवळ कल्ल्यांतच असतो आणि एकही ठिपका न दिसता मासा धापा टाकत मरतो.

ठिपक्यांऐवजी अंगावर बारीक सोनेरी धूळ असेल, तर तो वेलवेट हा वेगळा आणि अधिक वेगाने मारणारा रोग आहे. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा पाडला, की ती धूळ खवल्यांवर चमकते. समोरून पाहिल्यास ती दिसत नाही.

अपवादही सांगायला हवा. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर विणीच्या काळात पांढरे, एकसारखे पुटकुळे येतात. ते त्याचे तारुण्याचे लक्षण आहे. त्यावर उपचार करू नये.

१०. तोंडाशी किंवा पाठीवर कापसासारखे पांढरे आले आहे. ही बुरशीच ना?

बहुतेक वेळा नाही. खरी बुरशी जखमेवर किंवा मेलेल्या त्वचेवर उगवते, तिचे धागे लांब व मोकळे असतात आणि ती हळू पसरते. तोंडाच्या कडेला पांढरी पट्टी, पाठीवर करडा डाग आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असे असेल तर तो कॉलमनॅरिस हा जीवाणूंचा रोग आहे. गप्पी, मॉली आणि नवीन आणलेल्या माशांत तो पुष्कळ दिसतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इकसाठी सर्रास दिला जाणारा ‘तापमान वाढवा’ हा सल्ला येथे माशाला लवकर मारतो. कॉलमनॅरिसचे जीवाणू उबदार पाण्यात अधिक वेगाने वाढतात. निदान पक्के नसेल तर हीटर वाढवू नये.

११. पोट फुगले आहे आणि खवले उभे राहिले आहेत. काही करता येईल का?

वरून पाहिल्यावर खवले अंगापासून सुटलेले दिसले तर त्याला ड्रॉप्सी म्हणतात. ते रोगाचे नाव नसून मूत्रपिंडे निकामी होऊन शरीरात पाणी साठल्याचे लक्षण आहे, आणि या टप्प्यावर मासा वाचणे कठीण असते. त्याला वेगळे ठेवावे, पाणी निर्मळ ठेवावे आणि बाकीच्या टाकीची चाचणी करावी. पोट फुगले पण खवले सपाट आहेत, तर बद्धकोष्ठता किंवा अंडी असू शकतात. पर्लस्केल जातीच्या गोल्डफिशचे खवले जन्मत:च उंचवट्यासारखे असतात.

१२. चार वर्षे जुनी टाकी, कधी त्रास नाही. साफसफाई करून बरेच पाणी बदलले आणि दोन तासांत सगळे गेले. पाण्यात क्लोरीनही नव्हते.

हा सर्वांत फसवा प्रकार आहे. अमोनियाचे रूपांतर करताना जीवाणू पाण्यातील क्षारता वापरतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. महिनोन्‌महिने फक्त आटलेले पाणी भरत राहिले तर ही क्षारता संपते, पीएच ६ च्या खाली घसरतो, जीवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साठत जातो. पण त्या आम्लधर्मी पाण्यात तो मुक्त स्वरूपात नसतो, म्हणून जुने मासे जगतात, आणि दुकानातून आणलेला नवा मासा मात्र दुसऱ्याच दिवशी मरतो. मग एके दिवशी पीएच ८ चे ताजे पाणी भरपूर टाकले जाते आणि मुक्त अमोनियाचे प्रमाण जवळपास शंभरपट होते.

त्यामुळे जुन्या टाकीत बादली उचलण्याआधी पीएच आणि अमोनिया मोजावा. पीएच ६ च्या आसपास असल्यास रोज दहा टक्के इतकेच पाणी दोन आठवडे बदलत राहावे. त्याच दिवशी फिल्टरही नळाखाली धुऊ नये.

१३. ऑनलाइन मागवलेले मासे पिशवीत जिवंत होते, टाकीत सोडताना एक तास थेंबथेंब पाणी मिसळले, तरी मेले. चूक कोठे झाली?

दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशासाठी ही पद्धत योग्य आहे. एक-दोन दिवस बंद पिशवीत असलेल्या माशासाठी ती घातक ठरते. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि साठलेला अमोनिया त्यामुळे निरुपद्रवी राहिलेला असतो. पिशवी उघडताच वायू उडतो, पीएच चढतो आणि प्रश्न १२ मधील प्रकार पिशवीतच घडतो. बंद पिशवी टाकीवर तरंगवून तापमान सारखे करावे, मग ती उघडून मासा जाळीने लगेच टाकीत सोडावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. नवा मासा मुख्य टाकीत न सोडता तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा.

१४. दुकानदाराने अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकायला सांगितली आहे. टाकावी का?

जीवाणूंच्या रोगाचे निदान झाले नसेल तर टाकू नये. परजीवी, अमोनिया आणि प्राणवायू यांवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. उलट फिल्टरातील जीवाणू मेले तर अमोनियाची भर पडते. टेट्रासायक्लिनसारखी औषधे क्षारयुक्त पाण्यात कॅल्शियमशी बांधली जाऊन निष्प्रभ होतात, म्हणजे बोअरच्या पाण्यात ती बहुधा वाया जातात. अर्धवट मात्रेने प्रतिरोधक जीवाणू तयार होतात, ते वेगळेच. निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, हेही वेगळ्या टाकीतच वापरावे.

१५. मेलेला मासा पाहून काही कळते का? तो तपासायला कोठे द्यावा?

मृत्यूनंतरच्या पहिल्या तासात कळते, त्यानंतर दिशाभूल होते. डोळे धुरकट होणे, रंग उडणे, कल्ले फिकट पडणे आणि पर कुरतडलेले दिसणे हे सगळे मेल्यानंतरही घडते. गोगलगाई व इतर मासे काही तासांत शेपूट खातात. ताजा मासा असेल तर कल्ल्यांचे झाकण उचलून आतील रंग पाहावा. तपकिरी रंग नायट्राइटकडे बोट दाखवतो, तर तोंड व कल्ल्यांची झाकणे सताड उघडी असणे प्राणवायूच्या कमतरतेकडे.

प्रयोगशाळेसाठी उत्तम नमुना म्हणजे जिवंत पण आजारी मासा. मेलेला द्यायचा असल्यास पिशवीत घालून बर्फावर ठेवावा. फ्रीजरमध्ये गोठवू नये, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही उरत नाही. सोबत प्रश्न २ मधील पाण्याची बाटली द्यावी. मत्स्यविज्ञानाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांकडे विचारणा करता येते. मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तर रत्नागिरीजवळ शिरगाव येथे आणि नागपुरात मत्स्य महाविद्यालये आहेत. नमुना नेण्याआधी फोन करून तपासणी होते का, ते विचारून घ्यावे.

१६. मासा मेला म्हणजे घरावरचे संकट त्याने स्वत:वर घेतले, असे घरातली मोठी माणसे म्हणतात. मग कारण शोधायचे कशाला?

श्रद्धेचा मान राखूनही टाकीत उरलेल्या माशांसाठी कारण शोधावेच लागते. ॲरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न यांसारखा शुभ मानला जाणारा मासा गेल्यावर आठवड्याभरात दुसरा आणून त्याच पाण्यात सोडला जातो आणि तोही त्याच अमोनियाने जातो, असे वारंवार घडते. नवा मासा आणण्याआधी प्रश्न ४ मधील चाचण्या कराव्यात.

१७. माशाचा रोग माणसाला होतो का?

क्वचित होतो. ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा जीवाणू हातावरच्या जखमेतून शिरून काही आठवड्यांनी न भरणारी गाठ किंवा फोड निर्माण करतो. टाकीतील मासे महिनोन्‌महिने खंगत, पाठीतून वाकत एकेक मरत असतील तर हा संशय धरावा, कापलेला हात पाण्यात घालू नये आणि तोंडाने पाणी ओढून सायफन सुरू करू नये. डॉक्टरांना फिशटँकबद्दल आवर्जून सांगावे, कारण हा जीवाणू ३० अंशांच्या आसपास वाढतो आणि नेहमीच्या ३७ अंशांवरील तपासणीत तो निसटू शकतो.

१८. सगळे मासे गेले. टाकी पुन्हा कधी आणि कशी सुरू करावी?

हे कारणावर अवलंबून आहे. इक असेल तर २५ अंशांहून अधिक तापमानात दोन आठवडे टाकी माशांविना चालू ठेवली तरी पुरते, कारण पोहणाऱ्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. कीटकनाशक असेल तर स्पंज, खडी आणि लाकूड टाकून द्यावे, काच पुन:पुन्हा धुवावी. प्रश्न १७ मधील जीवाणूचा संशय असेल तर ब्लिचवर विसंबू नये. जाळी व नळ्या टाकाव्यात, टाकी धुऊन कडक वाळवावी आणि काच स्पिरिटने पुसावी. दोष केवळ प्राणवायूचा किंवा क्लोरीनचा होता, तर टाकी मोडू नये. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणे टाकत राहावे, म्हणजे उरलेल्या जीवाणूंना अमोनिया मिळत राहतो. अमोनिया व नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आले, की दोन-तीन लहान मासे सोडावेत, दर दोन दिवसांनी चाचणी करावी आणि पुढचे मासे तीन आठवड्यांनंतर आणावेत.